दोन मिलिग्रॅमचा भरवसा

हजीऱ्यात दातांच्या डॉक्टरला एक शब्द कधी समजावून सांगावा लागत नाही. तो म्हणजे मेंटेनन्स. खत, पोलाद, वायू, बंदर असा सगळा पसारा तापीच्या मुखाशी दाटीवाटीने उभा आहे, आणि मोरा, कवास, दामका या गावांत घरटी एक माणूस तरी शटडाऊनला जाऊन आलेला असतो. चांगलं चाललेलं यंत्र ठरल्या तारखेला थांबवायचं, उघडायचं, घासायचं, मोजायचं आणि पुन्हा सुरू करायचं, हे इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्यामुळे हिरड्यांच्या रुग्णाला मी जेव्हा म्हणते, "आता दर तीन महिन्यांनी यायचं, काही दुखत नसलं तरी," तेव्हा तो चमकत नाही. "म्हणजे पीएम ना, मॅडम," एवढंच म्हणतो. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. अर्थात मान डोलावणं वेगळं आणि येणं वेगळं.

मी मूळची धुळ्याची. हिरड्यांच्या आजारांत पदव्युत्तर शिक्षण झालं आणि लग्नानंतर सुरतेत आले. इच्छापोरच्या पुढे हजीरा रोडवर दवाखाना आहे. गुजराती पेशंट मला बेन म्हणतात, खानदेशातले ताई आणि कॉलनीतले मॅडम. तिघांचीही मागणी मात्र अलीकडे एकच होत चालली आहे. "बेन, दवा मूकी आपो ने." हिरडीत औषध भरून द्या. कुणाच्या तरी मेव्हण्याला कुठेतरी असं औषध भरलं होतं आणि त्याची शस्त्रक्रिया टळली, अशी एक कथा प्रत्येकाजवळ असते.

औषध खरं आहे, कथाही अगदीच खोटी नसेल. पण ते कुणाला, कधी आणि कितपत उपयोगी पडतं, याचा माझ्या खुर्चीशेजारी उभं राहून आलेला अनुभव त्या कथेपेक्षा बराच साधा आहे.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटरची फट असते. आजार झाला की दाताला धरून ठेवणारे तंतू सुटतात, हाड झिजतं आणि ती फट पाच, सहा, कधी आठ मिलिमीटर खोल होते. तिला आम्ही पॉकेट म्हणतो. पहिला उपचार कष्टाचा असतो. हिरडी बधिर करून मुळांवरचं कीटण आणि जंतूंचा चिवट थर खरवडून काढायचा. सहा-आठ आठवड्यांनी परत मोजायचं. बहुतेक पॉकेट तोवर चारच्या आत आलेले असतात. काही येत नाहीत. शस्त्रक्रिया केली तरी एखाद-दुसरा हट्टी राहतोच. तिथून पुढे आयुष्यभराचा मेंटेनन्स सुरू होतो, आणि या उरलेल्या हट्टी जागांसाठीच खरं म्हणजे ते औषध आहे. पहिल्यांदा तोंड उघडून बसलेल्या माणसासाठी ते नव्हे.

उरणच्या प्रकल्पातून बदली होऊन हजीऱ्याला आलेले एक काका माझ्याकडे मेंटेनन्सला असत. समुद्रातून येणारा वायू इथे साफ होतो आणि इथूनच हजीरा-बिजयपूर-जगदीशपूर पाइपलाइनने उत्तरेकडे जातो, हे ते मला पहिल्या भेटीतच सांगून मोकळे झाले होते. काम इन्स्पेक्शनचं. नळ्यांच्या भिंती किती झिजल्या हे मोजण्यात जन्म गेलेला. त्यांच्या दातांचा तक्ता मी त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी तो माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा लवकर वाचला. प्रत्येक दाताचे सहा आकडे आणि जिथे प्रोब, म्हणजे खोली मोजायचं हत्यार, लावल्यावर रक्त आलं तिथे लाल खूण.

"डॉक्टर, बाकी सगळं स्थिर दिसतंय. पण या दोन जागा प्रत्येक वेळी लाल. एक सहा, एक सात. या हलत का नाहीत?"

सहाची जागा खालच्या उपदाढेच्या मागे होती. साताची जागा वरच्या पहिल्या दाढेला, मागच्या बाजूला, मुळं जिथे दुभंगतात त्या फाटीत. तिथे माझं हत्यार नीट पोचत नाही आणि त्यांचा ब्रश तर नाहीच. मी त्यांना स्वित्झर्लंडच्या निकलाउस लांग यांचं काम सांगितलं. प्रोबने रक्त न येणारी जागा स्थिर राहण्याची शक्यता ९८ टक्के असते. उलट लागोपाठ चार भेटींत रक्त आलेल्या जागांपैकी सुमारे ३० टक्केच पुढे बिघडल्या. काका खूश झाले. "म्हणजे तुमचा अलार्म उगीच पुष्कळदा वाजतो, पण गप्प असला तर निर्धास्त झोपावं." इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. रोज दोनदा गुळण्या करतो, मग ते औषध आत का जात नाही? जात नाही याला दोन कारणं. गुळणीचं पाणी हिरडीच्या कडेखाली फारसं उतरतच नाही. आणि पॉकेटमध्ये हिरडीतून एक द्रव सतत पाझरत असतो. बॉस्टनच्या मॅक्स गुडसन यांनी हिशेब मांडला आहे की पाच मिलिमीटरच्या पॉकेटमधला हा द्रव तासाला सुमारे चाळीस वेळा बदलतो. आत घातलेलं पातळ औषध काही मिनिटांत धुऊन निघतं. म्हणून त्यांनी १९७९ साली टेट्रासायक्लिन भरलेले बारीक पोकळ धागे पॉकेटमध्ये ठेवून पाहिले, औषध हळूहळू झिरपत राहावं म्हणून. त्या कल्पनेतून आलेल्या धाग्याला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली. तो धागा विरघळत नसे. दहा दिवसांनी डॉक्टरने ओढून काढावा लागे. पुढे डॉक्सिसायक्लिनची जेल आली, मिनोसायक्लिनचे सूक्ष्म कण आले, क्लोरहेक्सिडिनची चकती आली. यातली चकती खरं तर प्रतिजैविक नव्हे, जंतुनाशक आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण जिथे जंतुनाशकाने भागतं तिथे प्रतिजैविक खर्ची घालू नये.

आपल्याकडे सहज मिळतात ते कोलॅजनचे तंतू. एका कुपीत पंचवीस मिलिग्रॅम तंतू आणि त्यात साधारण दोन मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन. तोंडाने घ्यायची झाली तर याच औषधाची रोजची मात्रा हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते आणि त्यातलं हिरडीपर्यंत पोचतं ते अगदी किरकोळ. उलट पॉकेटमध्ये ठेवलेल्या धाग्यामुळे तिथली औषधाची तीव्रता गोळीच्या शंभरपटीहून जास्त होते आणि पोटाला, आतड्यांतल्या जंतूंना फारसा त्रास होत नाही. हे गणित देखणं आहे यात शंका नाही.

पण मांडणी देखणी असून चालत नाही, हाताला काम करावं लागतं. आधी ती जागा पुन्हा साफ करायची. हे टाळून औषध भरणं म्हणजे पैसे पाण्यात. जंतू तिथे सुटे तरंगत नसतात, स्वतःच बनवलेल्या चिकट थरात दडून बसलेले असतात आणि त्या थरातून औषध पुरेसं आत शिरत नाही. थर हातानेच फोडावा लागतो. मग रक्त थांबेपर्यंत थांबायचं. गालाशी कापूस लावून जागा कोरडी करायची. कुपी उघडली की आतले पिवळसर तंतू हवेतल्या ओलाव्याने चिमट्यालाच चिकटू लागतात. पावसाळ्यात खाडीकडून वारं आलं की हा वैताग दुप्पट होतो, एसी लावला असला तरी. चपट्या टोकाच्या हत्याराने ते थोडे थोडे तळापर्यंत दाबत जायचे, कडेच्या जरा खाली थांबायचं आणि ओल्या गॉजने हिरडी दोन-तीन मिनिटं दाबून धरायची. पेशंट थुंकायला उठला की सगळं मुसळ केरात. म्हणून मी आधीच बजावते. मग दहा दिवस त्या दातांच्या फटीत इंटरडेंटल ब्रश घालायचा नाही, कडक काही चावायचं नाही. शिस्तीच्या माणसाला हेच जड जातं. काकांनी आठवड्याने फोन करून विचारलं, "ब्रश न घालण्याचं लेखी द्याल का? बायको ओरडते."

तीन महिन्यांनी मोजलं. सहाची जागा चारवर आली होती, रक्त नाही. साताची सहा झाली होती आणि लाल खूण तशीच. काकांनी तक्ता पुढे ओढला.

"सरासरी काय सांगते तुमची?"

मी सांगितलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या खोल सफाईने दाताची पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते. तिच्या जोडीला अशी चकती, कण किंवा जेल वापरली तर आणखी पाव ते पाऊण मिलिमीटरच्या दरम्यान काहीतरी.

"आणि तुमच्या प्रोबवर खुणा कितीच्या?"

"एकेका मिलिमीटरच्या."

"आणि हाताचा फरक?"

"तोही साधारण तेवढाच."

"मग तुम्हाला हा अर्धा मिलिमीटर दिसतो कसा?"

दिसत नाहीच. एका तोंडात तो दिसत नाही, शेकडो तोंडांच्या सरासरीत दिसतो. आणि सरासरीच्या पोटात असं होतं की एक जागा दोन मिलिमीटरने सुधारते, शेजारची फारशी हलत नाही. काकांच्या तोंडात दोन्ही नमुने एकदम मिळाले. मेंटेनन्सच्या रुग्णांत तर हा फरक आणखी पुसट होतो, कारण ज्यांना औषध दिलं नाही त्यांचीही दर तीन-चार महिन्यांनी नीट सफाई झालेली असते आणि तेही सुधारतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच भाषा जपून वापरली आहे. सफाईला जोड म्हणून अशा औषधाचा विचार करता येईल, इतकंच. वापराच, असं नाही. मी स्वतः खोलीच्या आकड्यापेक्षा लाल खुणेकडे जास्त बघते. सातचे सहा झाले यात माझ्या बोटाचा दाब किती आणि औषधाचा गुण किती, हे शपथेवर सांगता येणार नाही. लाल खूण गेली तर मात्र ते पेशंटलाही आरशात दाखवता येतं.

साताच्या जागेत दुसऱ्यांदा औषध भरायचा आग्रह काकांनी धरला नाही. मुळांच्या फाटीत अशा औषधांचा गुण कमी येतो, हे अभ्यासांतही दिसलं आहे. आम्ही तिथे छोटी शस्त्रक्रिया करून जागा ब्रशला उघडी केली. ही खरी इंजिनिअरिंगची गोष्ट, असं त्यांचं मत पडलं.

एक गोष्ट कोर्समध्ये कुणी शिकवत नाही आणि गुजरातेत ती शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. कोलॅजन प्राण्यापासूनच येतं. काही बनावटींत माशाचं असतं, काहींत जनावराचं. माझ्याकडे येणाऱ्यांत जैन आणि वैष्णव घरं पुष्कळ. तोंडात दहा दिवस विरघळत राहणारी वस्तू कशाची आहे हे त्यांना आधी सांगणं मी माझं काम समजते. पावतीवर सही घेऊन नव्हे, सरळ बोलून. एका आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ब्रश बराबर करीश, पण ए नहीं." त्यांनी शब्द पाळला. त्यांच्या पॉकेटचं काय झालं विचाराल तर बरं झालं. औषधाशिवाय. यावरून काही सिद्ध होत नाही, पण सांगायला आवडतं.

गोळ्यांचा प्रकार याहून वाईट. हिरडी सुजली की लोक मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल घेऊन येतात, तीन दिवस खातात, सूज उतरली की पाकीट खणात टाकतात. खालचं कीटण तिथेच, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. मेट्रोनिडॅझोलबरोबर दारू चालत नाही, हे सांगावं लागतं. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही, असं कागदोपत्री मानलं जातं. मी फक्त विचारते, "या शनिवारी दमणला जायचं आहे का?" उत्तर हसण्यात मिळतं.

आता ज्यांना ही सगळी चर्चा लागूच होत नाही त्यांच्याबद्दल. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. भुसावळ-सुरत रेल्वेने आलेली, बरीचशी लूम आणि मिलमध्ये आणि काही आता ठेकेदाराकडून हजीऱ्यात. वायूच्या प्लांटमध्ये काडीपेटी, लायटर गेटवरच काढून घेतात. ते योग्यच आहे. पण ज्याची विडी सुटत नाही तो आठ तास तंबाखू चघळतो. गुटख्यावर २०१२ पासून महाराष्ट्रात आणि गुजरातेत बंदी आहे, पण पुड्या बंद झाल्या म्हणून चुना-तंबाखू थांबत नाही. बायकांची मशेरी, गुजराती घरांतली बजर वेगळीच. धूम्रपान करणाऱ्याचा आजार तर आणखी फसवा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि हिरडी चांगली वाटते. हाड मात्र आतून जात असतं.

पांडेसऱ्याच्या एक मावशी नवऱ्याबरोबर आल्या होत्या. "दात हालस ताई," म्हणाल्या. आधी कुठे कुठे कॅप्सूल घेतल्या त्याची पाकिटं त्यांनी रुमालात बांधून आणली होती. कुणीतरी सांगितलं होतं की हजीरा रोडला हिरडीत धागा भरतात, तो भरून द्या. मी भरला नाही. मुळांवर कीटणाचा इतका जाड थर होता की धागा ठेवायला जागाही नव्हती, आणि साखर तपासली तर तीही वाढलेली. आधी सफाई, मशेरी सोडणं, मधुमेहाची गोळी. हिरड्या सुधारल्या की साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडाही थोडा उतरतो, साधारण ०.४ टक्क्यांनी, असं अभ्यास सांगतात. त्यांना ते महागड्या धाग्यापेक्षा कमी प्रतीचं वाटलं असावं. पण त्या आल्या, पुन्हा आल्या. मग नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि कुटुंब दहेजला गेलं.

हेच माझ्या कामातलं सगळ्यात अवघड वास्तव आहे. ज्यांच्या हिरड्या सर्वांत वाईट, त्यांचा पत्ता सहा महिने एक राहत नाही. आज हजीरा, उद्या दहेज, परवा जामनगर नाहीतर मुंद्रा. कायम नोकरीवाल्यांना रजा मिळते, वैद्यकीय बिल मिळतं, कॉलनीची बस मिळते. म्हणून मेंटेनन्स पेशंट म्हणजे बहुतेक करून कायम नोकरीवाला. स्थानिक औषधाचा गुणही त्यालाच जास्त येतो, कारण तो तीन महिन्यांनी परत येतो. कंत्राटी माणसाला दोन मिलिग्रॅम देऊन सोडून दिलं तर ते दोन मिलिग्रॅम दहा-पंधरा दिवसांत संपतात आणि तो कुठे असेल मला माहीत नसतं. त्याला मी तो वेळ आणि पैसा ब्रश करायला शिकण्यात घालवायला लावते. काहींना ते कंजूषपणाचं वाटतं.

ही नियमित येत राहण्याची बाजू किती भारी आहे त्याचा पुरावा जुना आहे. स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावात पेर अ‍ॅक्सेलसन आणि यान लिंढे यांनी १९७२ पासून लोकांना नियमित बोलावून सफाई आणि ब्रशचं शिक्षण दिलं. तीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा प्रत्येक वयोगटात माणशी सरासरी दोनही दात गेलेले नव्हते. त्यात भरायचं औषध नव्हतं. येत राहणं होतं.

इथलंच उदाहरण द्यायचं तर माझे एक निवृत्त ऑपरेटर आहेत, मूळचे भावनगरकडचे. नोकरी संपल्यावर गावी परतले आणि मला वाटलं यांचा मेंटेनन्स संपला. पण नोव्हेंबर २०२० मध्ये घोघा-हजीरा फेरी सुरू झाली. रस्त्याने जे अंतर ३७० किलोमीटर पडतं ते समुद्रातून ९० वर आलं. आता ते जहाजातून उतरतात, मुलीकडे जेवतात, संध्याकाळी माझ्या खुर्चीत बसतात. मागे त्यांच्या एका दाताला मी चकती ठेवली होती. ती जागा अजून बंद आहे. ते श्रेय चकतीला देतात, मी फेरीला देते. आमचं यावर एकमत होण्याची चिन्हं नाहीत.

तर या औषधाबद्दल माझं मत असं आहे. मेंटेनन्समध्ये असलेल्या, तंबाखू सोडलेल्या, साखर ताब्यात असलेल्या माणसाच्या एक-दोन हट्टी, रक्त येणाऱ्या, पाच मिलिमीटरहून खोल जागांना, नीट सफाईनंतर, ते जरूर वापरावं. सगळं तोंड भरून जागा हलत नसतील तर शस्त्रक्रिया किंवा पुन्हा सफाई हाच मार्ग आहे, धाग्यांची रांग नव्हे. टेट्रासायक्लिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा बाई गरोदर असेल तर ते देऊ नये. आणि तुम्हाला कुणी हिरडीत औषध भरायला सुचवलं, तर खुर्चीतून उठण्याआधी विचारून घ्या: ती जागा किती मिलिमीटर आहे, तिथून रक्त येतं का, औषधाआधी ती साफ करणार का, आणि पुन्हा मोजायला कोणत्या तारखेला बोलावता. शेवटच्या प्रश्नाला तारीख मिळाली नाही, तर औषध नको म्हणा.